नावाचा अर्थ आणि नावाचे अक्षर

गेल्या एप्रिलात मुलीला लखनौच्या एका शाळेत घातले आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या एका नावाची दोन नावे झाली. ज्ञानदा हे नाव तिच्या आजीने ठेवलेले. जन्म साताऱ्याचा, त्यामुळे जन्मदाखला तिकडच्या नगरपालिकेचा. त्यावर रोमन लिपीत नावाचा आरंभ डी, एन, वाय या तीन अक्षरांनी झालेला आहे. शाळेतील लिपिकाने दाखला पाहिला, ‘यह क्या लिखा है?’ असे विचारले, आणि मी उच्चार करून दाखवताच ‘अच्छा, ग्यानदा!’ असे म्हणून प्रवेशपुस्तकात जी आणि वाय या अक्षरांनी नाव लिहून टाकले. त्याच्या दृष्टीने त्याने माझ्यावर उपकारच केला होता. एक अशुद्ध नाव शुद्ध करून दिले होते. मीही पेशाने कारकूनच असल्यामुळे त्याच्यावर रागावणे मला साधले नाही. पण घरी आल्यावर दुरुस्तीचा अर्ज लिहावयास बसलो आणि अर्जाचे कारण लिहिताना अडलो. त्या अडण्यातून हा लेख निघाला आहे.

नावांविषयी मराठीत पुस्तके नाहीत असे नाही. बारशाच्या सुमारास घरोघर एखादे पुस्तक येते, पाळण्याखाली चार दिवस पडून राहते आणि पुढे शेजारच्या बारशाला जाते. माझ्या पाहण्यात आलेल्या अशा दोन-तीन पुस्तकांवर टीका करणे म्हणजे पंचांगावर टीका करण्यासारखे आहे, हे मी जाणतो. परंतु त्यांच्यामागे जी समजूत उभी आहे ती तपासण्यासारखी आहे. प्रत्येक नाव संस्कृत आहे, प्रत्येक नावाला एक अर्थ आहे आणि तो मंगल आहे, अशी ती समजूत. मुलींच्या नावांपुढे तर ‘लक्ष्मी’, ‘नदी’ आणि ‘सुंदर’ यांपलीकडे अर्थच उरलेले नाहीत असे वाटावे. या यादीत धोंडू नाही, दगडू नाही, केरबा नाही, भिकोबा नाही. ज्या नावांना खरोखरच काही सांगावयाचे होते तीच नेमकी गाळली गेली आहेत.

धोंडू या नावाचा अर्थ कोशात पाहणाऱ्याला ‘दगड’ मिळेल, आणि बापाने मुलाला दगड का म्हणावे हे त्याला कळणार नाही. एकामागून एक मुले दगावलेल्या घरात जे मूल जगावे असे वाटे, त्याला मुद्दाम टाकाऊ नाव देत. दृष्ट लागू नये, मृत्यूची नजर त्याच्यावरून सरकून पुढे जावी म्हणून. केरबा हा केरातला, भिकोबा हा भीक मागून आणलेला, नथू हा नाकात नथ घालून मुलगी म्हणून दडवलेला. (काही घरांत अधिक मासात, म्हणजे धोंड्याच्या महिन्यात, जन्मलेल्याला धोंडू म्हणत, हेही खरे.) लखनौस आल्यावर माझ्या कचेरीच्या ज्येष्ठतासूचीत घूरेलाल, छेदीलाल आणि बेचूलाल ही नावे मी प्रथम पाहिली तेव्हा सहकाऱ्यांबरोबर मीही हसलो होतो. पुढे कळले की घूरा म्हणजे उकिरडा. छेदी म्हणजे नाक टोचलेला. बेचू म्हणजे शेजारणीला नाममात्र किमतीला विकून परत घेतलेला. केरबा आणि घूरेलाल हे सख्खे भाऊ आहेत. दोघांच्या आया एकमेकींची भाषा न समजता एकच भीती वागवीत होत्या. संस्कृत कोशातून हे नाते कधीही हाती लागले नसते.

सगळीच ओंगळ नावे मायेने ठेवलेली असतात असे मात्र नाही. सातारा जिल्ह्यात ‘नकुशी’ हे नाव मुलींना देत, कारण ती खरोखरच नको असे. २०११ साली त्या जिल्ह्यात अशा २८५ मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली. धोंडू आणि नकुशी यांना एकाच तागडीत घालून ‘लोकरूढी’ म्हणणाऱ्या विवेचकाला नावे कळली नाहीत असेच मी म्हणेन. एकाला काळाने नेऊ नये म्हणून टाकाऊ म्हटले आहे, दुसरीला टाकाऊ मानले आहे.

धोंडू हे नाव या प्रांतात एका मोठ्या माणसामुळे पोचले. बाजीराव १८१८ साली राज्य सोडून कानपूरजवळ बिठूरला आले, आणि त्यांनी दत्तक घेतलेले धोंडोपंत हेच १८५७चे नानासाहेब. सुभद्राकुमारी चौहान यांच्या झाशीच्या राणीवरील प्रसिद्ध हिंदी कवितेत हे धोंडोपंत ‘धुंधूपंत’ होऊन आले आहेत. हिंदी वाचकाच्या कानाला धोंडा ओळखीचा नाही, धुंध म्हणजे धुके ओळखीचे आहे; तेव्हा दगडाचे धुके झाले. नानासाहेब ज्या रीतीने नेपाळच्या तराईत नाहीसे झाले ती पाहता या चुकीला काव्यात्म न्याय म्हणण्याचा मोह होतो, पण ती चूकच आहे. तात्या टोप्यांचे हाल याहून वाईट झाले. त्यांचे पाळण्यातले नाव रामचंद्र. तात्या हे घरातले, आदराचे आणि लाडाचेही. हिंदीने त्याला अनुस्वार देऊन ‘ताँतिया’ केले, आणि इंग्रजांनी आडनावाचे स्पेलिंग असे केले की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे डोक्यावरची टोपी यावी. ज्या इंग्रजी लेखनपद्धतीने पुण्याचे पूना आणि कानपूरचे कॉनपोर केले तिचेच हे अपत्य. ती लेखनपद्धती गेली. पुणे सुटले, कानपूर सुटले. लखनौ मात्र रोमन लिपीत अजून जुन्याच कपड्यांत उभे आहे. लक्ष्मणाने वसवले म्हणून लक्ष्मणपूर, त्याचे लखनऊ, अशी येथील परंपरा. ती इतिहास म्हणून कोणी मानो वा न मानो, लक्ष्मणाचा लखन होणे हा या बाजूच्या बोलींचा नित्याचा व्यवहार आहे.

आता माझ्या स्वतःच्या नावाकडे वळतो. आजोबांवरून माझे नाव विष्णू ठेवले. मराठी शाळेत मी ते दीर्घ लिहावयास शिकलो, कारण मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांप्रमाणे व्यक्तिनामातील अन्त्य इकार-उकार दीर्घ लिहावा. हरी, रवी, विष्णू. समासात तेच नाव पूर्वपद झाले की पुन्हा ऱ्हस्व, म्हणून हरिभाऊ आणि विष्णुदास. येथे कचेरीत हिंदी टिपणीवर दीर्घ विष्णू लिहिला की राजभाषा शाखेचा अधिकारी लाल शाईने तो ऱ्हस्व करून परत पाठवतो. पहिल्या वर्षी मला हा अपमान वाटे. नंतर आजोबांची एक जुनी वही चाळताना दिसले की ते स्वतः सही ऱ्हस्वच करीत. त्यांच्या काळी मराठीतही तत्सम शब्द संस्कृताप्रमाणे ऱ्हस्वान्तच लिहीत. म्हणजे ज्याला मी मराठी बाणा समजत होतो तो माझ्या घरात माझ्यापासूनच सुरू झालेला होता.

लखनौमध्ये हा ऱ्हस्व विष्णु एका मोठ्या दारावरून आपल्याला रोज भेटतो. विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली येथे मॅरिस कॉलेज उभे करण्यात पुढाकार घेतला. १९६६ साली राज्य सरकारने ते चालवावयास घेतले आणि त्याला भातखंडे यांचे नाव मिळाले. २०२२पासून ते भातखंडे संस्कृति विश्वविद्यालय आहे, ‘संस्कृति’ अर्थातच ऱ्हस्व. परंतु येथील मंडळी हे नाव कसे ऐकतात ते पाहण्यासारखे आहे. राम नारायण, सत्य नारायण, तसे ‘विष्णु नारायण’ हे त्यांना एका माणसाचे एकच जोडनाव वाटते. नारायण हे त्यांच्या वडिलांचे नाव आहे, हे एका जाणत्या गृहस्थांना मी सांगितले तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, ‘मग तुम्ही वडिलांना सतत बरोबर घेऊन हिंडता?’ गोपाळ कृष्ण गोखल्यांचेही तसेच. गोपाळकृष्ण ही एकच मूर्ती हिंदी वाचक पाहतो. दोष त्यांचा नाही. मूळ नाव, मधले नाव, आडनाव असे तीन रकाने असलेला सरकारी नमुना जणू आपल्यासाठीच छापलेला असतो. आणि ज्या गृहस्थाचे नाव नुसतेच राम प्रसाद आहे त्याला ‘प्रसाद’ कोणत्या रकान्यात घालावा हे आयुष्यभर कळत नाही. माझ्या टेबलावरची निम्मी नामदुरुस्ती प्रकरणे या एका प्रसादापोटी येतात.

हिंदीत ळ नसल्याचा फटका टिळकांना बसला. त्यांचे पाळण्यातले नाव केशव. बाळ हे घरातले, तेच जगात गेले, आणि हिंदीत ‘बाल गंगाधर तिलक’ झाले. ‘तिलक’ला माझा आक्षेप नाही, टिळक आणि तिलक एकाच शब्दाची दोन रूपे आहेत आणि अर्थही तोच. पण बाळ या शब्दात जी मराठी आईची हाक आहे ती ‘बाल’मध्ये नाही. हिंदीत त्याचा संस्कृत अर्थ टिकला आहे, आणि रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ केस. १९१६च्या डिसेंबरात टिळक काँग्रेससाठी लखनौस आले, लखनौ करार झाला, हे आपण शाळेत शिकलो. त्या अधिवेशनाच्या अध्यक्षांचे नाव अंबिकाचरण मजुमदार होते, याकडे मात्र मराठी वाचकाचे लक्ष जात नाही. बंगालचे मजुमदार आणि आपले मुजुमदार हे एकच फारसी पदनाम. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ साली, ही पदनामे संस्कृत केली गेली. मुजुमदाराचा अमात्य झाला, डबिराचा सुमंत. राज्याने नावे बदलली, घरांनी बदलली नाहीत. म्हणून आजही आपल्यात मुजुमदार आहेत आणि डबीर आहेत.

डबीर या नावाची लखनौमध्ये मला गंमतीची भेट घडली. चौकाच्या बाजूला मर्सियाच्या मजलिशीची गोष्ट निघाली की अनीस आणि दबीर ही दोन नावे जोडीने येतात. दोघे समकालीन, दोघांचे चाहते एकमेकांशी भांडत. मिर्झा सलामत अली यांनी दबीर हे तखल्लुस घेतले. त्याचा अर्थ लेखक, चिटणीस. तोच आपला डबीर, फक्त द चा ड झालेला. एका ठिकाणी परराष्ट्रव्यवहार पाहणारा प्रधान, दुसऱ्या ठिकाणी करबल्याचा शोक लिहिणारा कवी, आणि दोघांच्याही मुळाशी माझ्यासारखा एक लिहिणारा चाकर. (कारकून हा शब्दही फारसीच, काम करणारा. आपल्या फडणीस-चिटणीस-पारसनिसांतील ‘नीस’ हा लिहिणारा. मराठी नावांतून फारसी वेचून टाकावयाची म्हटली तर निम्मे दप्तर ओस पडेल.)

येथूनच एका वाङ्मयीन प्रश्नाकडे जाता येते. उर्दू कवीचे तखल्लुस त्याची अवस्था किंवा वृत्ती सांगते: आतिश म्हणजे अग्नी, अनीस म्हणजे सोबती, मजाज म्हणजे लाक्षणिक, वास्तवाच्या उलट. मराठी कवीने टोपणनाव घेतले तेव्हा त्याने बहुधा नाते सांगितले. कृष्णाजी केशव दामले हे केशवसुत झाले, म्हणजे बापाचे नाव पुढे करून स्वतः मागे उभे राहिले. राम गणेश गडकरी गोविंदाग्रज झाले, विष्णु वामन शिरवाडकर कुसुमाग्रज झाले. एक गोविंदाचा थोरला भाऊ, एक कुसुमचा. ज्या केशवसुतांना आपण बंडखोर, आधुनिक कवितेचे जनक म्हणतो त्यांनी बंडाची सही मुलगा म्हणून करावी, याचा विचार आपल्या समीक्षेने पुरेसा केलेला नाही असे मला वाटते. उर्दू शायर मक्त्यात स्वतःला हाक मारतो. आपला कवी घरातल्या कोणाच्या तरी हाकेला ‘ओ’ देतो. माधव जूलियन यांनी मात्र नाते सोडून परके नाव जोडले, आणि तेच फारसीचे जाणकार, फारसी-मराठी कोशाचे कर्ते असावेत हे मला योगायोगाचे वाटत नाही. या विधानाला अपवाद आहेत. बालकवी आहेत, अनिल आहेत. पण बाल हे पुन्हा घरातलेच विशेषण की नाही?

नेमका उलटा घोटाळा गजानन माधव मुक्तिबोधांच्या बाबतीत झालेला मी येथे पाहिला. हिंदी कवितेतील हे मोठे नाव. घरची भाषा मराठी. धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे कवी आणि समीक्षक. येथील एका तरुण वाचकाने मला ठामपणे सांगितले की ‘मुक्तिबोध’ हे त्यांनी घेतलेले उपनाम आहे आणि ‘गजानन माधव’ हे नाव. त्याच्या कवितेच्या आकलनात हा गैरसमज शिरलेला होता. कवीने मुक्तीचा बोध हे ब्रीद म्हणून निवडले, असे तो गृहीत धरून चालला होता. आडनाव निवडता येत नाही. ते वारशाने येते, आणि पुढे त्या माणसाला त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते किंवा भांडावे लागते. एवढा एक फरक कळला तरी त्या कवितेच्या वाचनाची सुरुवात निराळी होईल.

आपल्या विवाहितांची गोष्ट या सगळ्याहून गंभीर आहे. मोरोपंत तांब्यांची मनकर्णिका झाशीस लक्ष्मीबाई झाली, आणि तिचे काशीच्या घाटावरून आलेले नाव मागे पडले. ताटातील तांदळात अंगठीने नवे नाव लिहिण्याची ही रीत आपल्याला इतकी गोड वाटत आली आहे की तिचे कागदावर काय होते ते आपण पाहत नाही. मी पाहिले आहे. एका दिवंगत मराठी कर्मचाऱ्याच्या पत्नीचे कुटुंबनिवृत्तिवेतन कित्येक महिने अडकले होते. सेवापुस्तकातील नामनिर्देशनात त्यांचे सासरचे नाव होते. ओळखपत्रावर, शाळेच्या दाखल्यावरून आलेले, माहेरचे. दोन्ही नावे एकाच बाईची आहेत हे सिद्ध करण्यासाठी त्यांना प्रतिज्ञापत्र करावे लागले, दोन साक्षीदार आणावे लागले. माझ्या टेबलासमोर बसून त्यांनी विचारले, ‘यातली मी कोणती, हे तुम्ही ठरवणार का?’ मी नियमाचा क्रमांक सांगितला. त्या दिवसापासून दोन कागदांवर दोन नावे दिसली की मला अर्थ आणि व्युत्पत्ती आठवत नाही. ती खुर्ची आठवते.

म्हणून ज्ञानदाचा अर्ज. पहिल्या मसुद्यात मी कारण लिहिले होते, ‘विद्यार्थिनीचे नाव अशुद्ध लिहिले गेले आहे.’ पण शुद्ध कोणते? संस्कृतातले ज्ञ हे ज आणि ञ यांचे जोडाक्षर. मराठी माणूस त्याचा उच्चार द्न्य करतो, हिंदी माणूस ग्य करतो, आणि मूळ उच्चार दोघांपाशीही नाही. कृष्णाचेही तेच, आपण क्रुष्ण म्हणतो, हे क्रिश म्हणतात, ऋ स्वर केव्हाच लोपला. ऋषिकेश, अमृता, ऋचा यांच्या रोमन स्पेलिंगांत उ की इ यावर हमरीतुमरी करणारे दोघेही एका हरवलेल्या वस्तूच्या मालकीसाठी भांडत असतात. देवनागरीत मात्र ज्ञानदा दोन्हीकडे तीच. एका अक्षराचाही फरक नाही. भांडण सारे त्या परक्या लिपीच्या रकान्यात. आणि मग मला आषाढीची वाट आठवली. आमच्या घरावरून दिंडी जात असे, आणि टाळांच्या ठेक्यावर वारकरी ज्ञानदेवांना ज्या नावाने हाक मारीत ते ‘ग्यानबा’ होते. द्न्यानबा म्हणणारा वारकरी मी ऐकलेला नाही. ज्या ग्य ला मी हिंदीचा अपभ्रंश म्हणावयास निघालो होतो तो माझ्या दारावरून दरवर्षी नाचत गेला होता.

तेव्हा ‘अशुद्ध’ हा शब्द मी खोडला आणि लिहिले, ‘प्रवेशपुस्तकातील नाव जन्मदाखल्यातील नावाशी जुळत नाही.’ सोबत दाखल्याची साक्षांकित प्रत जोडली. सोमवारी मुलीला घेऊन शाळेत गेलो. लिपिकाने अर्ज वाचला, दाखल्याशी अक्षरे ताडून पाहिली, खोडून नवे लिहिले, शिक्का मारला. मग चष्म्यावरून मुलीकडे पाहून म्हणाला, ‘लिख तो दिया, मगर बुलाएँगे ग्यानदा ही.’ तिने मान हलवली आणि वर्गाकडे पळाली.